त्या दुपारचा उत्तरपक्ष

सर, तुमच्याशी माझा एक वाद अर्धवट राहिला आहे. तो पुरा करायला तुम्ही नाही, आणि जिच्यावरून तो सुरू झाला ती तुमची मुलगी तुमच्याही आधी गेली. तरी माझ्यापुरता तो मिटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता बरीच मोठी आहे, आणि त्यामुळे तुम्हाला दोन गोष्टी समजावून सांगण्याचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे असे मी धरून चालते. तुम्ही असता तर हे गृहीतक तुम्ही पहिल्याच ओळीला अडवले असते.

तुमसरच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला रसायनशास्त्र शिकवत होता. त्यातले बरेचसे मी पुढे पुस्तकांतूनही शिकले असते. वाद घालण्याची रीत मात्र तुमच्या स्वयंपाकघराखेरीज कुठेच मिळाली नसती. राइस मिलच्या मागच्या गल्लीतले ते घर. भुशाची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडायची, आणि काकू दूध, वरण, पाणी सगळे झाकून ठेवायच्या. रविवारी दुपारी जेवणानंतर ताटे तशीच बाजूला सारून तुम्ही एखादा विषय काढायचा. नियम जुन्या शास्त्रार्थातला होता. ज्याला आक्षेप घ्यायचा असेल त्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचेच म्हणणे, आणि तेही असे की समोरच्याने मान डोलवून म्हणावे, होय, मला हेच म्हणायचे होते. त्यानंतरच उत्तरपक्ष, म्हणजे खंडन. पहिल्या वर्षी मी एकदा घाईने सरळ आक्षेपच घेतला, तेव्हा तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणालात, "आधी माझं म्हणणं सांग. तेच येत नाही तं खोडून कोणाले राहिली तू, हवेले?" चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "पोट्टी जेवाले आली का परीक्षेले? भात वाढू द्या तिले." तुम्ही हसला नाहीत. मी तुमचे म्हणणे मांडले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा तुम्ही मान डोलावली, आणि तोवर माझा आक्षेप माझ्याच लक्षात राहिला नव्हता. रीतीचा हेतू तोच असावा, असे मला पुढे वाटत गेले.

मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिचे गुडघे सुजायचे, बोटे सुजायची, पोटात दुखायला लागले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कोणी वात म्हणत होते, कोणी बाहेरचे म्हणत होते. एका सकाळी तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलेत. सूक्ष्मदर्शकाखाली एक काच होती. तिच्यावर रक्ताचा थेंब, त्यात ऑक्सिजन शोषून घेणारे मेटाबायसल्फाइटचे ताजे द्रावण, आणि हवा आत जाऊ नये म्हणून झाकणकाचेच्या कडेने व्हॅसलीन. "तुले काय दिसते ते सांग," तुम्ही म्हणालात. "मले काय दिसते ते मी आधी सांगत नाही." मी डोळा लावते. गोल पेशींच्या जागी टोकदार, वाकलेल्या पेशी दिसतात. धान कापायच्या विळ्याची आठवण न येणे आपल्या भागातल्या माणसाला अशक्य आहे, आणि मी तोच शब्द उच्चारते; सिकल सेल हे या रोगाचे नावही त्यावरूनच पडले आहे. तुम्ही ती काच काढता. दुसरी काच ठेवता. तीत तुमचे रक्त. तिसरीत काकूंचे. त्यांतही वाकलेल्या पेशी आहेत. त्या परीक्षेने रोगी आणि नुसता वाहक यांत भेद करता येत नाही; त्यासाठी पुढे नागपूरला रक्त न्यावे लागले. पण तुम्ही तिन्ही काचा धुतल्यात, पुसल्यात, आणि मला म्हणालात, "दोघांकडून एक-एक जीन आलं असन. हिशेब बरोबर आहे." ते वाक्य तुम्ही फळ्यासमोर बोलायच्या आवाजात बोललात. मला ते तेव्हा कठोर वाटले होते.

पुढे मी नागपूरला गेले, मग दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आले की तुमच्याकडे येत असे. ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिके बोटीने येत, म्हणून बातमी शिळी होऊनच हाती पडायची. तरी ती घेऊन मी आले. तळ्याच्या पाण्यात राहणारा, अंगभर केस असलेला एक एकपेशीय जीव. त्याच्या आरएनएच्या साखळीत मध्येच एक निरुपयोगी तुकडा असतो, आणि तो तुकडा कोणाच्याही मदतीविना स्वतःला कापून बाहेर पडतो व मागे उरलेली दोन टोके जोडून देतो. तुम्ही आम्हाला शिकवले होते की सजीवातला उत्प्रेरक म्हणजे प्रथिन. मला वाटले होते तुम्ही चिडाल. तुम्ही विचारलेत, "प्रथिन चिकटून राहिलं असन त्याले. धुतलं का नीट?" मी सांगितले की उकळून पाहिले, प्रथिने पचवून टाकणारी द्रव्ये घालून पाहिली, आणि शेवटी तो आरएनए परीक्षानळीतच घडवला, जिथे त्या जीवाचे प्रथिन कधी गेलेलेच नव्हते. तरीही तो कापला गेला. तुम्ही ताटातला चिंचोका बोटाने बाजूला सारलात. मग म्हणालात, "मंग माझं वाक्य गेलं." इतक्या शांतपणे हरलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

"पण कापायचं कुठं, हे त्याले समजते कसं?" हा तुमचा पुढचा प्रश्न. मुलगी दारात उभी होती. ती तेव्हा आपल्याच कॉलेजात शिकत होती; निम्मे वर्ष खाटेवर जायचे, निम्मे वर्गात. डोळ्यांचा पिवळेपणा आता कायमचा झाला होता. तिने शाळेतली जुनी निळी रिबीन आणि मूठभर सेफ्टी पिना आणून दिल्या. "घ्या बाबा. माझी रिबीन खराब केली तं नवी आणून द्या लागन." मी रिबीन ओट्यावर पसरली आणि सांगू लागले. साखळी एकपदरी असते, चार अक्षरांची, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. एकीकडची काही अक्षरे दूरवरच्या जुळत्या अक्षरांशी जोडी जमवतात, तिथे साखळी स्वतःवरच दुमडते आणि मध्ये फास उरतो. अशा अनेक दुमडी पडतात. मग त्या दुमडी एकमेकांवर रचल्या जातात. साखळीचा कणा ऋणभारित, म्हणजे पदर एकमेकांना दूर ढकलणार; त्यांना जवळ बसवायला मॅग्नेशियम लागते. मॅग्नेशियम काढून घेतले की सगळी रचना सैल पडते आणि काम थांबते. अशी घडी नीट बसली की आत एक खोबण तयार होते. तीत बाहेरून ग्वानोसिन नावाचे एक सुटे अक्षर येऊन बसते आणि पहिला घाव तेच घालते. जागा ओळखण्याचे काम मात्र त्या तुकड्यातल्याच एका छोट्या भागाकडे असते. त्याची पाच-सहा अक्षरे कापायच्या जागेच्या अलीकडच्या अक्षरांशी जुळतात, आणि नेमक्या कापायच्या ठिकाणी एक जोडी मुद्दाम ढिली असते. ढिली जोडी म्हणजे खूण.

मुलीने पिना लावल्या, मी दुमडी घातल्या, तुम्ही चष्मा वर करून पाहत होता. "हे तं माझ्या वेणीवानी झालं," ती म्हणाली. "बाबा, हे स्वतःच स्वतःले कापते अन् मरत नाही?" तुमची नजर त्या छोट्या भागावरच्या पिनेवर होती. मग तुम्ही मला विचारलेत, "ही पाच-सहा अक्षरं बदलली तं दुसऱ्या जागी कापन का?" त्या वेळी या प्रश्नाचे उत्तर मी कुठे वाचलेले नव्हते. पुढे दोन-तीन वर्षांत ते छापून आले, आणि होकारार्थी होते.

ते मी तुम्हाला कळवले, आणि पुढच्या उन्हाळ्यात आले तेव्हा तुमचा चेहरा वेगळा होता. त्या हिवाळ्यात मुलीला दोनदा भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले होते. काकू बोलायच्या थांबल्या होत्या. राख पडते म्हणून भांडी झाकायचेही त्यांनी सोडून दिले होते. जेवण झाले. मुलगी उंबरठ्यावर उशी घेऊन बसली होती, कारण तिला खाली बसवत नव्हते. तुम्ही म्हणालात, "आज मी पूर्वपक्षी. माझं म्हणणं असं, की हिच्या रक्तातली चूक या रेणूकडून दुरुस्त होऊ शकते. तू मांड."

मी मांडले. चूक एका अक्षराची आहे. ती रक्तातले प्रथिन घडवणाऱ्या आरएनएच्या, म्हणजे संदेशाच्या, सुरुवातीजवळ आहे. त्या रेणूच्या ओळखणाऱ्या भागाला अशी अक्षरे द्यावीत की तो संदेशाला चुकीच्या अक्षराच्या अलीकडे चिकटेल. तिथे तो कापेल. रेणूच्या शेपटीला संदेशाचा उरलेला भाग, दुरुस्त करून, आधीच जोडलेला असेल; कापलेल्या टोकाला तो हे शुद्ध शेपूट जोडून देईल. आतली मूळ चूक तशीच राहील, पण तिच्यावरून निघालेला प्रत्येक संदेश वाटेत सुधारला जाईल, आणि पेशी वाकायच्या थांबतील. यातली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे परीक्षानळीत दिसलेली आहे किंवा दिसलेल्या गोष्टीपासून एका पावलावर आहे. मी बोलत राहिले. बाहेर मिलचा पट्टा सुटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी शिव्या घालू लागले, तरी मी थांबले नाही. संपले तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी उत्तरपक्षाकडे वळणार, तेवढ्यात तुम्ही हात वर केलात.

"उत्तरपक्ष आज नाही."

"सर, नियम..."

"मले नियम माहीत आहे. आज नाही म्हटलं ना."

काकू उठून परसात गेल्या. तुमची मुलगी म्हणाली, "असू दे ना ताई. बाबा पहिल्यांदाच जिंकून राहिले." आणि सगळे हसले, मीसुद्धा.

या गोष्टीबद्दल मी तुम्हाला इतकी वर्षे क्षमा केलेली नाही. कारण उत्तरपक्ष भक्कम होता. पाच-सहा अक्षरांची ओळख ही ओळखच नव्हे. तेवढा क्रम पेशीतल्या कितीतरी परक्या संदेशांत योगायोगाने सापडतो, आणि रेणू तिथेही कापणार. ओळखणारा भाग लांब केला तर तो घट्ट चिकटतो, इतका की एखादे अक्षर चुकलेले असले तरी सोडत नाही. पकड वाढते तसा विवेक कमी होतो. नळीत जितके मॅग्नेशियम आपण ओततो तितके पेशीत मोकळे नसते. शिवाय घडी चुकते. पुढे तर असे दिसून आले की बरेचसे रेणू चुकीच्या घडीत अडकून पडतात. जवळजवळ सर्व काही जागच्या जागी असते, एखादा पदर दुसऱ्याच्या वरून जायचा तो खालून गेलेला असतो, आणि तेवढे सुधारायला बहुतेक सगळी घडी उलगडावी लागते. आणि हे सारे जमले, तरी हाडांच्या आत जिथे रक्त बनते तिथे, रोज, आयुष्यभर, तो पोचवायचा कोणी? तुमसरला? त्या काळात दुखणे उठल्यावर शिरेतून पाणी चढवायला तुम्हाला भंडाऱ्याची मोटार पाहावी लागत होती.

आपल्या रीतीत पूर्वपक्ष जितका उत्तम, तितका उत्तरपक्षाशिवाय तो घातक. हे तुम्हीच घालून दिलेले. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्धा भाग सोडून द्यायचा आणि दुसरा रोखायचा, ही चूक वाद न शिकलेल्या घरात झालीच नसती. तिथे कोणी म्हणाले असते, देवाच्या मनात असेल तसे होईल, आणि मुलीला जितके खरे तितके कळले असते. तुम्ही तिला एक निर्दोष युक्तिवाद दिलात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, धान निघून बाजार भरलेला असताना, मी रजा काढून आले, कारण काकूंनी बोलावले होते. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी होती. तुम्ही औषधे आणायला खाली गेला होता. ती म्हणाली, "ताई, तो उत्तरपक्ष सांग ना आता." मी म्हटले, आता बोलू नकोस, दम लागेल. "मंग मीच सांगते. तिथं, हाडात, कोण नेऊन देईन त्याले? नळीत होते ते माणसात होते का? अन् पाच अक्षरं कुठं बी सापडतात." तिला थांबावे लागले. छातीत कळ आली की ती ओठ आत घेत असे. "मले त्याच दिवशी समजलं होतं. कॉलेजात काय माशा मारून राहिली होती का मी? पण बाबाले नको सांगजो मले समजलं म्हणून. त्यायले वाटते मी वाट पाहून राहिली. पाहू दे वाटू." शब्द उलटसुलट झाले होते, ते तसेच लिहिले आहेत. मी तिला शब्द दिला. जिन्यावर तुमच्या चपला वाजल्या आणि तिने माझा हात सोडला.

ती त्याच आठवड्यात गेली. तेराव्याला तुम्ही मला अंगणात बाजूला घेतलेत आणि म्हणालात, "एक बरं झालं. शेवटपर्यंत तिले आशा होती. तेवढं तरी मले देता आलं." माझ्याजवळ तेव्हा त्या वाक्याचे पूर्ण खंडन होते, साक्षीसह. मी म्हटले, "हो सर." त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी वादाला बसला नाहीत. मी आले की काकू भात वाढायच्या आणि तुम्ही पावसाबद्दल, मिलबद्दल बोलायचे. दशक संपायच्या आत तुम्हीही गेलात. छाती दुखते म्हणालात आणि खाटेवर आडवे झालात, एवढेच मला कळवले गेले.

पुढचे तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुमचा पूर्वपक्ष नळीत खरा ठरला, पेशींतही काही प्रमाणात खरा ठरला, आणि औषध म्हणून कोणाच्या उपयोगी पडला नाही. आता या रोगावर दुसरा उपाय निघाला आहे. त्यात जागा ओळखण्याचे काम आरएनएच्याच एका तुकड्याकडे असते आणि कापण्याचे प्रथिनाकडे. म्हणजे तुमचे गेलेले वाक्य थोडेसे परत आले, असे तुम्ही म्हणाला असता. त्याने चुकीचे अक्षर सुधारत नाही. जन्माआधी गर्भात जे रक्त बनते, ज्यात ही चूक नसते, ते पुन्हा बनू लागते. तो उपाय आपल्या जिल्ह्यातल्या कोणापर्यंत पोचल्याचे मी अजून ऐकलेले नाही. लाखनीकडच्या एका नातेवाइकाच्या मुलाला हाच रोग आहे. त्याचे आईबाप मला विचारतात तेव्हा मी दोन्ही पक्ष सांगते, एका दमात, आणि ते माझ्याकडे असे पाहतात की मी काहीच सांगितले नाही.

आता रीतीप्रमाणे तुमचा पक्ष. तुम्ही म्हणाल: त्या मुलीचे आयुष्य थोडे होते हे मला काच धुतली त्या दिवसापासून ठाऊक होते. उत्तरपक्ष तिच्या हाडांत रोज मांडला जात होता. तो तिला आणखी कोणी ऐकवायची गरज नव्हती. माझ्या घरात एक दुपार तरी दुसरी बाजू पूर्ण बोलून व्हावी, एवढेच मी मागितले. हे तुमचेच म्हणणे आहे का, हे विचारायला तुम्ही नाही. पण लिहून झाल्यावर मी ते वाचले, आणि मला त्यात खोडण्याजोगे काही सापडले नाही. यावरून तुम्ही बरोबर होता असे सिद्ध होत नाही. तिने तुमच्यासाठी उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत आशेचे सोंग केले, दुखत असताना केले, आणि त्याचे ओझे तुमच्या त्या उचललेल्या हाताने तिच्यावर टाकले. हे मी मागे घेत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, आणि पाठवता आले असते तरी पाठवले नसते. तिला दिलेला शब्द तुमच्या मरणाने संपतो असे मला मान्य नाही. शिवाय वर तिच्या बोलण्यातले एक वाक्य मी गाळले आहे. बाबांना सांगू नको म्हटल्यावर ती हसली होती. "अन् ताई, तू बी त्या दिवशी खरंच मानून बसली होती ना वं? तुझं तोंड पाहून मले वाटलं, आता हिले कोण समजावन?" मी तिला म्हटले, तो नुसता पूर्वपक्ष होता, रीतीसाठी मांडलेला. सर, तुम्ही हात वर केलात तेव्हा मी उत्तरपक्षाकडे वळत नव्हते. माझ्याजवळ तो नव्हताच. वरचे सगळे आक्षेप मला परतीच्या गाडीत, एकेक करून सुचत गेले, आणि प्रत्येक वेळी मी खिडकीबाहेर पाहून ते विसरण्याचा प्रयत्न केला.